संगणकाच्या दारावरची वही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि दक्षिणेतील मराठ्यांचा इतिहास अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत संगणकातील एका लहानशा फाइलीचे पान मांडावयाचे, हे धाडसच आहे. त्यातून मी पडलो कला शाखेचा पदवीधर. उभी नोकरी केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून टिपणे लिहिण्यात गेली. समोर बसलेल्यांपैकी निम्मी तरुण मंडळी याच विषयावर पोट भरतात, हे मी जाणून आहे. तरीही कार्यवाहांनी हे काम मजवर सोपविले, त्याचे कारण गणेशोत्सवात आरतीनंतर ऐकू येणारे एक गाऱ्हाणे. "मुलगा अभ्यासाला म्हणून संगणकापुढे बसतो आणि भलतेच पाहत राहतो. सासूबाई भजन ऐकायला जातात आणि कसल्याशा बक्षिसाच्या जाहिरातीवर बोट पडते. यावर घरच्या घरी काही उपाय नाही का?"

उपाय आहे. तो फुकट आहे आणि आपल्या संगणकात पहिल्या दिवसापासून पडून आहे. त्याचे नाव 'होस्ट्स' फाइल. तो कसा चालतो हे मी आज सांगणार आहे. तो मी स्वतः किती वाईट रीतीने वापरला, हेही सांगणार आहे.

पत्त्यापासून सुरुवात करू. आपल्यापैकी बहुतेकांच्या मूळ गावी घराला नाव असते. पुण्यात अमक्यांचा वाडा, कोकणात तमक्या खोतांचे घर. नाव सांगितले की टांगेवाला नेमका दारात आणून सोडी. बंगळूरला आलो आणि नावांचे राज्य संपले. येथे घर क्रमांक सत्तेचाळीस, तिसरा क्रॉस, नववा मेन, दुसरा ब्लॉक. तोच तिसरा क्रॉस आणि तोच नववा मेन पलीकडच्या वस्तीतही असतो. नवा माणूस पहिले वर्षभर या आकड्यांत हरवलेला असतो. मग तो खिशात एक वही बाळगतो. एका बाजूस 'वाणी', 'दवाखाना', 'जोशीकाका' अशी नावे आणि दुसऱ्या बाजूस आकडी पत्ते.

संगणकाचे नेमके असेच आहे. महाजालावरील प्रत्येक यंत्रास एक क्रमांक असतो. त्यात चार आकडे, मध्ये टिंबे, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यानचा. अलीकडे याहून पुष्कळ लांब क्रमांकही वापरात आले आहेत. आपण मात्र संकेतस्थळाचे नाव टंकितो. नाव माणसाचे आणि क्रमांक यंत्राचा. त्या नावाचा क्रमांक कोणता, हे संगणकाला आधी शोधून काढावे लागते आणि त्यानंतरच तो तेथे जाऊ शकतो.

ही शोधाशोध प्रारंभी एका वहीवरच भागत असे. १९६९ साली अमेरिकेत चार ठिकाणचे संगणक जोडून 'आर्पानेट' हे जाळे सुरू झाले. पुढे त्यावरील सर्व यंत्रांची नावे आणि क्रमांक यांची एक अधिकृत सूची कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाऊ लागली. एलिझाबेथ फाइन्लर या बाईंच्या देखरेखीखाली हे काम चाले. नव्या यंत्राचे नाव नोंदवायचे तर कचेरीच्या वेळेत दूरध्वनी करावा लागे. इतर ठिकाणचे लोक त्या सूचीची नक्कल उतरवून आपापल्या यंत्रावर ठेवीत. त्या नकलेचे नाव 'होस्ट्स'. यंत्रे वाढली तसतशी वही फुगत गेली आणि प्रत्येकाने नवी नक्कल उतरवून घेईपर्यंत जुनी चुकीची ठरू लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी व्यवस्था आखली. एकच जाडजूड वही न ठेवता जागोजागी लहान वह्या ठेवाव्यात आणि प्रत्येकाने आपल्या मुलुखातील पत्त्यांचा जाब द्यावा, अशी ती व्यवस्था. तिला 'डोमेन नेम सिस्टिम' म्हणतात, आणि जग आजही तीवरच चालते.

आपल्याकडे १९८६ साली 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू झाला. येथील आपले टाटा इन्स्टिट्यूट, म्हणजे भारतीय विज्ञान संस्था, आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांचा त्यात वाटा होता. सामान्य नागरिकाला मात्र १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने दार उघडून दिले. तोवर ती जुनी वही मागे पडली होती. पण ती कोणी फेकून दिली नाही. आजही आपल्या संगणकात ती असते, आणि बाहेरच्या व्यवस्थेस विचारण्यापूर्वी संगणक सहसा आधी ती घरची वही उघडून पाहतो. तीत नाव सापडले, तर तो बाहेर विचारीतच नाही. या एका सवयीवर आपला सारा उपाय उभा आहे.

आता कृती. १२७.०.०.१ हा एक राखीव क्रमांक आहे आणि त्याचा अर्थ 'माझे स्वतःचेच घर'. घरच्या वहीत आपण एका ओळीवर हा क्रमांक लिहावयाचा, थोडी जागा सोडावयाची, आणि पुढे नको असलेल्या संकेतस्थळाचे नाव लिहावयाचे. झाले. पुढच्या वेळी ते नाव टंकिले की संगणक वही पाहतो, तीत स्वतःचाच पत्ता वाचतो, आपल्याच दारावर टकटक करतो, आणि आत तसे कोणी नसल्याने हात हलवीत परत येतो. रिक्षावाल्याला चुकून आपल्याच घराचा पत्ता द्यावा आणि त्याने क्रॉसवर एक फेरी मारून आपल्याला आपल्याच दारात उतरवावे, तसा हा प्रकार. काही जण ०.०.०.० असा क्रमांक लिहितात. त्याचा अर्थ येथे 'कोठेच नाही' असा होतो, आणि टकटक करण्याचाही वेळ वाचतो.

विंडोजच्या संगणकात ही फाइल सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स आणि त्यात ईटीसी अशा चार दालनांच्या आत असते. लिनक्स आणि मॅक यांतही ती ईटीसी नावाच्या दालनातच मिळते. विंडोजवर ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते, पण नोटपॅड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' असे म्हणून, म्हणजे घरमालकाच्या अधिकाराने, सुरू करावे लागते. नाहीतर लिहिलेले जतन होत नाही. आकडे आणि नावे अर्थातच इंग्रजी लिपीत लिहावयाची. प्रथम मूळ फाइलीची एक प्रत बाजूस काढून ठेवावी. जतन करताना नावामागे 'टीएक्सटी' हे शेपूट लागणार नाही, इकडे लक्ष द्यावे. मग संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. ज्या ओळीच्या आरंभी आडव्या-उभ्या रेघांचे हॅश चिन्ह असते, ती ओळ संगणक वाचीत नाही. ती माणसांनी माणसांसाठी लिहावयाची टीप. या टिपेला पुढे फार महत्त्व येणार आहे, म्हणून ती ध्यानात ठेवा.

जाहिरातींसही हाच उपाय लागू पडतो. एखादे पान उघडले की त्यावरील जाहिराती बहुधा निराळ्याच नावांच्या यंत्रांवरून आणल्या जातात. ती नावे वहीत लिहिली, तर पान उघडते आणि जाहिरातीची जागा कोरी राहते. अशा हजारो नावांच्या तयार याद्या स्वयंसेवक मंडळी निगुतीने राखतात आणि फुकट देतात. आमच्या मातोश्रींच्या संगणकावर अशी यादी घातल्यापासून भजनांच्या पानावरची बक्षिसे बंद झाली आहेत.

या उपायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वहीला नाव अक्षरशः तेच लागते. आरंभी तीन डब्ल्यू असलेले नाव आणि नसलेले नाव ही तिच्या दृष्टीने दोन माणसे, म्हणून दोन्ही लिहावी लागतात. एखाद्या संकेतस्थळाचे एकच पान अडवून बाकीची खुली ठेवणे तिला साधत नाही. नाव अडविले की सारे घर अडले. व्हीपीएन किंवा प्रॉक्सी अशा मधल्या दलालामार्फत कोणी बाहेर पडला, तर नावाची चौकशी तो दलालच करतो आणि आपली वही पुष्कळदा उघडलीच जात नाही. हातातल्या मोबाइलमध्येही अशी फाइल असते, पण सामान्य मालकास ती बदलू देत नाहीत. तेथे निराळे उपाय करावे लागतात. आणि ठकसेन रोज नवे नाव घेऊन येतो. काल लिहिलेली यादी त्याला ओळखत नाही.

याहून मोठा धोका असा की, ही वही चोरालाही लिहिता येते. भलताच एखादा प्रोग्राम आपण घरमालकाच्या अधिकाराने चालू दिला, तर तो वहीत आपल्या बँकेचे नाव लिहून त्यापुढे ठकाच्या यंत्राचा क्रमांक मांडू शकतो. नाव खरे दिसते, घर खोटे असते. अशा वेळी ब्राउझर बहुधा 'हे संकेतस्थळ सुरक्षित नाही' असा इशारा देतो. त्याला वैतागून पुढे जाऊ नये. दोन-तीन महिन्यांनी एकदा वही उघडून हॅश चिन्ह नसलेल्या सर्व ओळी वाचून काढाव्यात, आणि आपण न लिहिलेली ओळ दिसली तर जाणत्यास दाखवावी. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तेथे मिनिटामिनिटाला मोल असते.

आता माझ्या स्वतःच्या प्रमादाकडे वळतो. २०२० साली शाळा घरातल्या संगणकावर भरू लागल्या. आमचे चिरंजीव तेव्हा नववीत होते. तास संपले तरी ते खुर्चीवरून उठेनात. कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्याने मला ही वही दाखविली, आणि एका रात्री सर्व निजल्यावर मी तीत पाच नावे लिहिली. त्यांतील दोन खेळांची होती. उरलेली तीन चिरंजीवांच्या पडद्यावर वारंवार दिसत, म्हणून मी ती नुसत्या तर्काने लिहिली. घरात कोणाला सांगितले नाही. सकाळी चिरंजीव म्हणाले, "बाबा, काही साइट उघडत नाहीत." मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो, "नेटवर्कमध्ये बिघाड असेल."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत खोटे टिपण लिहिले नाही, असा माझा अभिमान. स्वतःच्या मुलाशी मात्र मी चहाच्या पेल्याआड सहज खोटे बोललो. चिरंजीव काही बोलले नाहीत. पुढे आठ-दहा दिवस ते जेवताना मान खाली घालून जेवीत आणि उठून जात. त्यांच्या आईने दोनदा विचारले, "तुम्ही त्याला काही बोललात का?" मी नाही म्हणालो, आणि शब्दाच्या अर्थाने ते खरेच होते.

मग एका संध्याकाळी मी रोजच्याप्रमाणे समभागांचे भाव पाहण्यास संगणकापुढे बसलो. पान उघडेना. मी हाक मारली, "अरे, हे भाव का दिसत नाहीत?" आतून उत्तर आले, "नेटवर्कमध्ये बिघाड असेल, बाबा."

मी वही उघडली. माझ्या पाच ओळींखाली सहावी ओळ होती आणि तिच्यात माझे भावांचे संकेतस्थळ. तिच्यावर हॅश चिन्ह देऊन, संगणकाने वाचू नये पण मी वाचावे अशी, एक टीप होती: "बाबा, विचारले असते तर पहिली दोन मीच लिहिली असती. तिसऱ्यावर मी चित्रे काढायला शिकतो."

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. खेळ अडविल्याचे वाईट वाटले नाही. न पाहता, न विचारता मी त्याचा चित्रकलेचा वर्ग बंद केला होता आणि वर बिघाडाचे नाव पुढे केले होते, ही गोष्ट मनातून जाईना. ज्याच्यावर हुकूम बजावला त्याला तो हुकूम आहे हेच ठाऊक नाही, कारण कोठे लिहिलेले नाही, आणि दाद मागावी तर कोणाकडे? कचेरीत असे टिपण माझ्यापुढे आले असते, तर मी शेरा मारून परत पाठविले असते.

हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून थोडे बाहेर पाहू. मी शासनाचा सेवक आहे, तेव्हा टीका म्हणून नव्हे, तर अनुभव म्हणून सांगतो. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर काही दिवसांतच मोजकी वीसएक पाने अडविण्याचा आदेश सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांकडे गेला. एकेक पान वेगळे अडविणे त्यांच्यापैकी कित्येकांस जमले नाही, आणि त्यांनी 'ब्लॉगस्पॉट' हे सबंध घरच बंद करून टाकले. त्याच घरात अक्षरशः असंख्य निरुपद्रवी माणसे लिहीत होती. स्फोटानंतर आप्तांचा शोध घेणाऱ्यांना माहिती मिळावी म्हणून मुंबईच्या स्वयंसेवकांनी चालविलेला ब्लॉगही तेथेच होता. नाव अडविले की सारे घर अडते, असे मी मघाशी म्हणालो, ते यासाठी.

दुसरा प्रसंग आपल्या डोळ्यांसमोरचा. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांनी भेदरलेली ईशान्येकडील हजारो मुलेमुली या शहरातून गुवाहाटीच्या गाड्यांकडे धावली. आपल्यापैकी कित्येकांच्या कचेरीतले आणि शेजारचे चेहरे त्या आठवड्यात दिसेनासे झाले. भय खरे होते आणि तातडीही खरी होती. केंद्र शासनाने एकेकाच्या लघुसंदेशांवर दिवसाला पाचची मर्यादा घातली आणि तीनशेहून अधिक पाने व खाती अडविली. याच शहरातील 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी' या संस्थेने ती यादी तपासली, तेव्हा तीत अफवा खोट्या आहेत असे सांगणारी काही पानेही सापडली. आग विझविताना पाण्याचा घडाही फुटला.

आज या विषयाला माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६९-अ लागू आहे. ते २००८ च्या दुरुस्तीने आले आणि त्याचे नियम २००९ साली झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली श्रेया सिंघल यांच्या प्रकरणात हे कलम वैध ठरविले. तसे करताना, अडविण्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात, जेणेकरून त्यांना न्यायालयात आव्हान देता येईल, या तरतुदीकडे न्यायालयाने बोट दाखविले. एवढ्या मोठ्या देशाला जो नियम आवश्यक वाटला, तो माझ्या तीन खोल्यांच्या घरात मी पाळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर आम्ही चौघे संगणकापुढे बसलो: मी, माझी पत्नी, माझ्या मातोश्री आणि चिरंजीव. मी आधी मुलाची क्षमा मागितली. मग वही सर्वांसमक्ष मोठ्याने वाचली. तिसरे नाव चिरंजीवांनी मला उघडून दाखविले. पेन्सिलीची रेखाटने होती, आणि चांगली होती. ते नाव खोडले. चौथे आणि पाचवेही खोडले. खेळांची दोन नावे परीक्षेपर्यंत ठेवावीत, ही सूचना त्यांचीच. भावांचे संकेतस्थळ जेवणाच्या वेळेत मी पाहू नये, ही सूचना पत्नीची. पण वहीला वेळ कळत नाही, ती रात्रंदिवस अडवील, असे चिरंजीवांनी समजावून सांगितले. तेव्हा ते माझ्या वचनावर सोडले. मातोश्री म्हणाल्या, "त्या बक्षीसवाल्यांना तेवढं घाल बाबा त्यात." ते त्याच रात्री घातले. प्रत्येक नावाच्या वर हॅश चिन्ह देऊन कारण लिहिले, सुचविणाऱ्याचे नाव लिहिले आणि पुन्हा विचार करण्याची तारीख लिहिली. वहीचा परवलीचा शब्द सौभाग्यवतींकडे दिला, कारण त्यांच्यावर दोन्ही पक्षांचा विश्वास होता.

आपण घरापासून दूर राहणारी माणसे. आजोळ दूर, काका-मामा दूर. मुलाला रागावून तो ज्यांच्याकडे जाऊन बसेल अशी वाड्यातली चार दारे येथे नाहीत. त्याचे मित्र, त्याची करमणूक आणि पुष्कळदा त्याची विद्याही त्या पडद्यातूनच येते. म्हणून तेथले एखादे दार लावताना येथे अधिक सावध राहावे लागते. लहान मुलांसाठी दार लावावेच लागते, यात मला शंका नाही. मात्र मूल समजण्याच्या वयाचे झाले की, लावलेले दार त्याला दाखवावे आणि कारण सांगावे. कारण सांगताना आपल्यालाच संकोच वाटला, तर ते नाव वहीत लिहू नये.

चिरंजीव आज अभियांत्रिकीच्या वर्गात आहेत आणि मला या विषयाचे जे काही ज्ञान आहे, त्यातले बरेचसे त्यांनी शिकविलेले आहे. ती वही आता पुष्कळ लांबली आहे. सहाव्या ओळीवरची त्यांची टीप मात्र मी खोडलेली नाही. हॅश चिन्ह असल्यामुळे संगणक ती वाचीत नाही. मी अधूनमधून वाचतो.